सीमाभागातल्या गावांत बीपी-शुगरचा वर्षभराचा कार्यक्रम कसा आखावा

जयंती, जत्रा, कुणाचा तरी वाढदिवस. मंडप पडतो, बेळगावहून डॉक्टर येतात, तीनशे जणांची नोंद होते, फोटो निघतात. महिन्याभराने त्याच गावात जाऊन विचारा: ज्यांचा बीपी १८० निघाला होता, त्यांतले किती जण आज गोळी घेतायत? बहुतेकांकडे उरलेली असते ती शिबिरात मिळालेली चिठ्ठी, देव्हाऱ्याच्या फळीवर.

खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यात काम करणारी मंडळं, ट्रस्ट, ग्रामपंचायती आणि पीएचसीबरोबर (प्राथमिक आरोग्य केंद्राबरोबर) काम करणारे गट यांच्यासाठी हा लेख आहे. इथे सगळीकडे तीच चूक होते: तारीख आधी ठरते आणि बाकीचं तिच्या मागून फरफटत येतं. खरं तर आखणी शेवटापासून करायची. गोळी कुठून मिळणार हे आधी, तपासणी सगळ्यात नंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, तो क्रम मोडू नका.

उदाहरणासाठी १२,००० लोकसंख्येचा पट्टा धरला आहे: साधारण १८ वस्त्या, तीन तपासणी पथकं, मुदत एक वर्ष. आजार दोनच, बीपी आणि शुगर. डोळे, दात, हाडं, स्त्रीरोग यांचं ओझं पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका.

१. आधी गोळीची सोय

पहिली भेट पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची, दुसरी तालुका आरोग्याधिकाऱ्यांची. पुढच्या चार गोष्टी तोंडी नव्हे, कागदावर मिळवा:

अ) ॲमलोडिपिन ५ मिग्रॅ (बीपीची गोळी) आणि मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ (शुगरची गोळी) सध्या महिन्याला किती येतात, किती संपतात.
आ) वाढीव मागणी कुठल्या महिन्यात पाठवावी लागते आणि माल यायला किती दिवस लागतात.
इ) एका वेळी जास्तीत जास्त किती दिवसांची गोळी देता येते.
ई) कर्नाटक सरकारच्या गृह आरोग्य योजनेत या वस्त्यांची घरोघर तपासणी झाली आहे का. झाली असेल तर ती यादी मागा. त्याच माणसाला नवा रुग्ण म्हणून पुन्हा मोजू नका.

आता हिशेब. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या ३७ टक्के धरतात. म्हणजे १२,००० मागे ४,४४०. त्यातल्या चौथ्या हिश्श्याला बीपी असेल असं आखणीपुरतं धरा: १,११०. पहिल्या वर्षी त्यातले निम्मे जरी उपचाराला टिकले तरी सुमारे ५५०. रोज एक गोळी म्हणजे महिन्याला १६,५०० ॲमलोडिपिन. तीन महिन्यांचा साठा हवा, म्हणजे ४९,५००. शुगर दहात एकाला धरा, ४४४. त्यातले निम्मे, २२२, रोज दोन गोळ्यांवर राहिले तर महिन्याला १३,३२० मेटफॉर्मिन.

हे आकडे घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर बसलात की बोलण्याचा सूरच बदलतो. ‘आम्ही शिबिर घेतोय, सहकार्य करा’ याला उत्तर मिळतं, ‘करा की’. ‘ऑक्टोबरपासून महिन्याला साडेसोळा हजार गोळ्या जास्त लागतील’ असं म्हटलं की समोरचा माणूस रजिस्टर उघडतो.

सावधान: औषध कंपन्यांच्या नमुन्याच्या गोळ्या वाटून सुरुवात करू नका. पहिल्या महिन्यात एक ब्रँड, दुसऱ्यात दुसरा रंग, तिसऱ्यात काहीच नाही. पेशंट रंगावरून गोळी ओळखतो. रंग बदलला की जुनी आणि नवी दोन्ही घेतो, नाहीतर दोन्ही सोडतो.

तपासणी: तीन महिन्यांच्या साठ्याची लेखी खात्री नसेल तर पुढच्या टप्प्याला हात घालू नका. वस्त्या कमी करा, १८ च्या ६ करा, पण साठ्यात तडजोड नको.

२. गावांची नव्हे, वस्त्यांची यादी

महसुली गावांच्या यादीवर आखणी केली की नेमके गरजू लोक सुटतात. खानापूरच्या पश्चिमेला एका गावाच्या नावाखाली चार-पाच वाड्या, एखादा धनगर-गवळ्यांचा वाडा आणि हल्याळच्या बाजूला जंगलात सिद्दी समाजाची घरं असू शकतात. निपाणी-चिकोडीकडे गाव एकसंध दिसतं, पण मळ्यात राहणारी घरं गावठाणापासून दोन-तीन किलोमीटरवर असतात. अथणी-रायबागकडे साखर कारखान्याच्या आसपास हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात, त्या तर कुठल्याच यादीत नसतात.

यादी अशी करा. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी टीचर आणि गावातला एक जुना माणूस (पोस्टमन किंवा दूध गोळा करणारा सगळ्यात उत्तम, त्याला प्रत्येक घर माहीत असतं) यांना एकत्र बसवा. मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढा. प्रत्येक वस्तीसमोर सात गोष्टी लिहा: घरं किती, घरात बोलतात ती भाषा, मुख्य काम, पीएचसीपासून अंतर, पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का, मोबाइलची रेंज कुठे मिळते, आणि लोक आजारी पडल्यावर खरं तर कुठे जातात.

हा शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, नवव्या टप्प्यात त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कृष्णापूर, मेंढील, देगाव यांसारख्या गावांचा स्वतंत्र कागद करा. तिथे वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात ओढे भरतात आणि ॲम्ब्युलन्स एका ठरावीक ठिकाणापर्यंतच येते. तिथून पुढे पेशंटला खांद्यावरून आणावं लागतं. ते ठिकाण नकाशावर ठळक करा. १०८ ला फोन केल्यावर ‘आमगावला या’ म्हणून भागत नाही, गाडी कुठे उभी राहणार आणि पेशंट तिथवर कोण आणणार हे सांगावं लागतं.

३. दिनदर्शिका: पाऊस, ऊस, तंबाखू, जत्रा

हा टप्पा लोक पाच मिनिटांत उरकतात आणि मग वर्षभर ‘लोक येतच नाहीत’ म्हणत राहतात.

खानापूरचा पश्चिम भाग (कणकुंबी, जांबोटी, आमगाव) जून ते सप्टेंबर तपासणीसाठी बंद समजा. रस्ता असला तरी जुलैत भाताची रोप लावण असते, कुणी घरी सापडत नाही. तिथलं पहिलं काम नोव्हेंबरच्या मळणीनंतर सुरू करून मार्चच्या आत संपवा, पुढे काजूचा हंगाम लागतो.

कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठची गावं जुलै-ऑगस्टमध्ये टाळा. पाणी चढलं की कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर हे खालच्या पातळीचे पूल पाण्याखाली जातात आणि नेहमीचा दवाखाना अचानक नदीपलीकडे राहतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हेच झालं. या गावांतल्या नोंदलेल्या पेशंटना जूनच्या शेवटच्या आठवड्यात ६० दिवसांची गोळी हातात द्यायची, हे आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. जंगलातल्या वस्त्यांना ९० दिवसांची द्या. पहिल्या टप्प्यात ‘एका वेळी किती दिवसांची गोळी’ हे विचारलं होतं ते यासाठीच.

ऊसपट्ट्यात गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. स्थानिक शेतकरी दुपारी भेटतो, ऊसतोड टोळी रात्री आठनंतरच. टोळीतली माणसं बीडसारख्या लांबच्या जिल्ह्यांतून किंवा विजयपूरकडून येतात, चार-पाच महिन्यांनी परततात. त्यांची तपासणी करायची तर जाताना ६० दिवसांची गोळी आणि त्यांच्या मूळ गावच्या आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी देता आली पाहिजे. ते जमणार नसेल तर त्यांच्यासाठी वेगळी आखणी करा, याच कार्यक्रमात अर्धवट घुसवू नका.

निपाणी भागात तंबाखूची काढणी जानेवारी-फेब्रुवारीत. विड्या वळणाऱ्या बायका मात्र वर्षभर घरीच असतात, पण त्यांचा दिवस हजारच्या हिशेबाने जातो. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे रांगेत गेलेला तास म्हणजे बुडालेले पैसे. त्यांना शाळेत बोलावू नका, त्या जिथे बसून वळतात त्या गल्लीतच मशीन घेऊन जा.

सण-जत्रांचा रकाना स्थानिक माणसाकडून भरून घ्या. माघात चिंचलीची मायक्का, मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, आषाढीला वारी, आणि रमजानचा पूर्ण महिना. रमजानमध्ये शुगरची तपासणी ठेवली तर उपाशीपोटीचा आकडा मिळतो खरा, पण रोजा असताना गोळी कशी घ्यायची याचं उत्तर तुमच्याकडे हवं. डॉक्टरांशी बोलून वेळा आधी ठरवा. नाहीतर माणूस स्वतःच गोळी बंद करतो.

सावधान: आठवडी बाजाराच्या दिवशी गावात तपासणी नको. बाजाराच्या ठिकाणी ठेवायला हरकत नाही, पण तिथे आलेला माणूस कुठल्या वस्तीतला हे लिहिल्याशिवाय शुगर मोजायची पट्टी उघडू नका.

४. परवानग्या

थोडक्यात. तालुका आरोग्याधिकाऱ्यांचं पत्र, खासगी डॉक्टर किंवा रुग्णालय सहभागी असेल तर जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांची परवानगी, ग्रामपंचायतीचा ठराव, अभयारण्यात वनखात्याचं पत्र. अर्ज कन्नडमध्ये द्या. मराठीत दिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो, मग त्यावर वाद होतो, आणि तो वाद कार्यक्रमाचे दोन महिने खातो. भाषेचा हक्क मागायच्या जागा वेगळ्या आहेत. इथे काम गोळीचं आहे.

५. माणसं आणि भाषा

प्रत्येक पथकात तिघं: मोजणारा (नर्स किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ), लिहिणारा आणि त्या वस्तीतली आशा. मोजणारा आणि लिहिणारा एकच ठेवला तर दुपारनंतर १३८ चे १३० होतात आणि सगळे आकडे शून्यावर संपायला लागतात.

वस्तीतली भाषा दुसऱ्या टप्प्यातल्या कागदावर आहेच. पथकात ती बोलणारा किमान एक जण हवा. घरात मराठी बोलणाऱ्या वस्तीत कन्नड नर्स चालते, पण प्रश्न मराठीत विचारणारी आशा शेजारी पाहिजे. मुस्लिम मोहल्ल्यात दखनी बोलणारी बाई, कणकुंबीकडे कोकणी समजणारी. कन्नड वस्तीत आपलं मराठी पथक नेताना हीच काळजी उलटी घ्या. बीपीला कन्नडमध्ये ‘रक्तदोत्तड’ आणि शुगरला ‘सक्करे कायिले’ म्हणतात, तरी बोलताना दोन्हीकडे बीपी आणि शुगरच चालतात. अवघड शब्दांचं भाषांतर करत बसू नका. चूक शब्दांत होत नाही, प्रश्नांत होते.

उदाहरणार्थ, ‘औषध चालू आहे का?’ असं विचारलं की नव्वद टक्के वेळा ‘हो’ येतं. ती गोळी गुडघ्याची असते, काढा असतो, किंवा गेल्या वर्षी संपलेलं पाकीट असतं. म्हणून प्रश्न असा ठेवा: ‘मावशी, आज सकाळी कुठली गोळी घेतली? पाकीट आणता का जरा?’ पाकीट बघितल्याशिवाय ‘उपचार चालू’ या रकान्यात टिक नाही. ‘शुगर आहे का?’ याऐवजी ‘रात्री किती वेळा लघवीला उठता?’ हाच प्रश्न जास्त माहिती देतो.

पेशंटचं कार्ड दोन भाषांत छापा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. आकडे मात्र इंग्रजी अंकांत लिहा. घाईत लिहिलेला देवनागरी १ आणि ९ औषध दुकानदाराला सारखाच दिसतो, आणि हेच कार्ड कोल्हापूर, मिरज, गोवा कुठेही दाखवलं जाणार आहे. कार्डावर सकाळ-संध्याकाळसाठी सूर्य आणि चंद्र छापा. वाचता न येणाऱ्याला तेवढं पुरतं.

नावांचा घोळ पहिल्याच दिवशी सुरू होतो. आधारवर ‘जादव’, रेशन कार्डावर ‘जाधव’, दवाखान्याच्या वहीत वडिलांचं नाव आधी. सुनेचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. त्यामुळे नावावर विसंबू नका. वस्तीचा क्रमांक, घर क्रमांक आणि माणसाचा क्रमांक मिळून एक नंबर द्या, उदाहरणार्थ ०७-०४२-२, आणि तो कार्डावर, वहीत आणि घराच्या दारावर खडूने लिहा.

गावात निरोप कोणी द्यायचा हेही भाषेइतकंच महत्त्वाचं. सगळा निरोप सरपंचाच्या घरून गेला तर विरुद्ध गटाची गल्ली येत नाही. स्त्रीशक्ती संघ, भजनी मंडळ, मशिदीची जमात, मठ, तालीम असे किमान तीन वेगळे मार्ग धरा.

६. सामान

तीन पथकांसाठी, ४,४४० माणसांच्या हिशेबाने:

बीपी मशीन ७ (प्रत्येकी दोन, एक राखीव). मोठा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) ३. नेहमीचा प्रौढ कफ साधारण २२ ते ३२ सेंमी दंडाला चालतो. जाड दंडावर तोच बांधला तर बीपी उगाच जास्त दिसतो, म्हणून मोजपट्टी प्रत्येक पथकाकडे हवी. ग्लुकोमीटर ६. पट्ट्या वाया जाणाऱ्या धरून ४,९००, म्हणजे ५० च्या १०० डब्या मागवा. लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) ५,०००. वापरलेले लॅन्सेट टाकायला भोक न पडणारे पांढरे डबे, रक्त लागलेल्या कापसासाठी पिवळ्या पिशव्या, आणि त्या कुणी उचलायच्या याचा पीएचसीशी ठराव. घरातल्या कचऱ्यात एक जरी सुई सापडली तरी गावातला विश्वास गेला.

पट्टीची डबी उघडली की तिच्यावर तारीख लिहा. उघडल्यानंतरची मुदत कंपनीप्रमाणे बदलते, डबीवर बघा. खानापूरच्या दमट हवेत झाकण अर्धवट राहिलं तर मुदतीच्या आत असली तरी पट्टी खराब होते.

तपासणी: सगळी बीपी मशीन एकाच माणसावर, एकाच खुर्चीत, एकापाठोपाठ लावून बघा. बाकीच्यांशी न जुळणारं मशीन बाजूला काढा. हे दर महिन्याला करायचं.

७. दोन वस्त्यांत चाचणी

पूर्ण काम सुरू करण्याआधी एक सोपी आणि एक अवघड अशा दोन वस्त्या घ्या. एक गावठाणातली गल्ली, एक लांबची वाडी. प्रत्येकी ४० माणसं. बघायचं एवढंच: एका माणसाला किती मिनिटं लागली, किती दारं बंद मिळाली, आणि ज्यांना दवाखान्यात जा म्हणून सांगितलं ते पंधरा दिवसांत खरंच गेले का.

यावरून दिवस ठरवा. घरोघर फिरताना एका पथकाचे दिवसाला २५-३० आणि एका जागी बसून ५०-६० होतात, सरासरी ४५ धरा. ४,४४० माणसांना सुमारे ९९ पथक-दिवस. तीन पथकं म्हणजे ३३ दिवस, आठवड्याला चार दिवस काम केलं तर आठ-नऊ आठवडे. पाचवा दिवस बंद घरांसाठी राखून ठेवा. बंद घरं म्हणजे बहुतेक कामावर गेलेले पुरुष आणि बीपी त्यांच्यातच जास्त सुटतो. तिथे सकाळी सातच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर जावं लागेल.

पंधरा दिवसांत सांगितलेल्यांतले निम्मेही दवाखान्यात पोचले नसतील तर थांबा. कारण शोधा (भाडं, मजुरी, डॉक्टरांची वेळ, भाषा) आणि ते दुरुस्त झाल्यावरच पुढे जा.

८. तपासणीचा दिवस

बीपी मोजताना घाई हा एकमेव शत्रू आहे. क्रम असा:

अ) अर्ध्या तासात चहा, तंबाखू, तपकीर, मिश्री झाली का विचारा. निपाणी भागात हा प्रश्न विसरलात तर दिवसाचे निम्मे आकडे वाया. झाली असेल तर आधी शुगर करा, बीपी शेवटी.
आ) पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर टेबलावर.
इ) कफ उघड्या दंडावर. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून कफ बांधला तर ती बाहीच दोरीसारखी आवळते आणि आकडा चुकतो. म्हणून आडोसा लागतो, दोन साड्या आणि दोरी पुरे.
ई) बोलणं बंद. शेजारीण विचारत राहते, ‘किती आला गं?’ आणि आकडा चढतो.
उ) एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे लिहा. दहापेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा.

शुगरसाठी बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. ऊसपट्ट्यात हे फारच महत्त्वाचं: बोटाला उसाचा रस किंवा गूळ लागलेला असेल तर धडधाकट माणसाची शुगर अडीचशे दिसते. स्पिरिट लावलं तर सुकू द्या. टोचल्यावर बोट दाबून पिळू नका, हात खाली सोडून थेंब येऊ द्या.

काय निघालं तर काय करायचं:

बीपी १४०/९० च्या खाली, शुगर जेवणाची वेळ न बघता १४० च्या खाली: कार्ड द्या, पुढच्या वर्षी पुन्हा.
बीपी १४०/९० ते १७९/१०९: आठ-पंधरा दिवसांत वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा, पुन्हा तेवढाच आला तर डॉक्टर.
बीपी १८०/११० किंवा वर: त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखणं, एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं असेल तर लगेच १०८.
शुगर १४० किंवा वर: उपाशीपोटीची तपासणी. १२६ किंवा वर आली की डॉक्टरांकडे. ७० च्या खाली असेल तर तिथल्या तिथे साखरपाणी द्या आणि सोबत बसा.

सावधान: स्वयंसेवकाने दारात गोळी द्यायची नाही. पहिली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. आणि शुगर निघालेल्या माणसाला ‘साखर बंद करा’ एवढंच सांगून सोडू नका. तो चहातली साखर सोडतो आणि ताटभर भात तसाच खातो.

एक जाता जाता: डिसेंबर ते मे या काळात खानापूरच्या जंगलपट्ट्यात कुणी तापाने पडलेलं दिसलं तर गोचीड चावल्याचं विचारा आणि पीएचसीला कळवा. सीमेपलीकडे गोव्यात सत्तरीला आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला गोचिडीमुळे होणारा माकडताप आढळलेला आहे. आपला कार्यक्रम बीपीचा असला तरी घरात शिरलेला माणूस आपणच असतो.

९. कुठे पाठवायचं: कागदावरचा आणि खरा रस्ता

कागदावर सगळे पीएचसी, तालुका दवाखाना, मग बेळगावचा जिल्हा दवाखाना असे जातात. प्रत्यक्षात निपाणीचा माणूस कोल्हापूर किंवा गडहिंग्लज धरतो, कागवाड-अथणीचा मिरज, कणकुंबीकडचा कधी गोवा. आणि पलीकडून चंदगडचा माणूस बेळगावला येतो. हा रस्ता बदलायला जाऊ नका. दुसऱ्या टप्प्यातल्या शेवटच्या रकान्यावरून प्रत्येक वस्तीसाठी दोन ठिकाणं लिहा: रोजच्या गोळीचं जवळचं सरकारी केंद्र आणि अडचणीच्या वेळचं मोठं रुग्णालय. गोळी सीमेच्या अलीकडेच मिळाली पाहिजे, महिन्याला मिरज कुणी करत नाही.

योजनांबद्दल लोक हमखास गोंधळतात. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के. आणीबाणी सोडली तर बऱ्याच उपचारांना सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. ते पत्र न घेता बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात गेलेला माणूस तिथून परत तालुक्याला येतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना आपली जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, पण निर्णय वेगळा आणि भरतीच्या खिडकीवर मागितले जाणारे कागद वेगळे. पेशंट गाडीत बसवण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या पेशंटना मदत करणारा माणूस) फोन करून कागदांची यादी घ्या.

गरोदर बायकांचा बीपी निघाला तर ही दुहेरी वाट जास्त जपून हाताळा. सातव्या महिन्यात ती माहेरी जाते, कागल, आजरा, गडहिंग्लज, कुठेही. इकडचं तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं नोंदकार्ड) पेटीत राहतं, तिकडे नवी नोंद होते, आणि बीपी कुणाच्याच वहीत राहत नाही. सहा महिने पूर्ण होताच माहेरचं गाव आणि तिथल्या आशाचा फोन नंबर लिहून घ्या आणि निघायच्या आधी एकदा बोलणं करून द्या.

१०. पाठपुरावा आणि वही

गोळी सुटण्याची कारणं ठरलेली आहेत: ‘डोकं दुखायचं थांबलं’, ‘पाय सुजले’, ‘पोट बिघडलं’. पहिल्याच दिवशी सांगून टाका की बरं वाटलं तरी गोळी चालूच ठेवायची. ॲमलोडिपिनने काहींच्या घोट्याला सूज येते, मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडतं म्हणून जेवणानंतर घ्यायची. त्रास झाला तर गोळी बंद न करता आशाला सांगायचं. आधी सांगितलेला त्रास माणूस सोसतो, न सांगितलेला त्रास म्हणजे त्याच्या लेखी विषबाधा.

वहीत एका पेशंटला एकच ओळ, बारा महिन्यांचे बारा चौकोन. प्रत्येक चौकोनात तारीख, बीपी आणि दिलेल्या गोळ्या. ठरलेल्या दिवसानंतर सात दिवसांत आला नाही तर फोन, पंधरा दिवसांत आशाची भेट, महिन्यानंतर पथकाची. एका महिन्यात नंबर बंद लागला तर शेजाऱ्याचा नंबर पहिल्या दिवशीच घेतलेला असला पाहिजे.

दर महिन्याला काढायचा आकडा एकच, पण तो नीट काढा. समजा तीन महिन्यांपूर्वीपर्यंत २०० जण नोंदले गेले. या महिन्यात १२० आले, त्यातल्या ८४ जणांचा बीपी १४०/९० च्या खाली होता. यश ८४ भागिले १२०, म्हणजे ७० टक्के, असं लिहायची सवय आहे. ते चूक. न आलेल्या ८० जणांचा बीपी ताब्यात आहे असं आपण धरूच शकत नाही. ८४ भागिले २००, म्हणजे ४२ टक्के.

हा आकडा वस्तीवार काढा, पट्ट्याचा एकत्र नको. एकत्र ४२ मध्ये गावठाणातले ६० आणि धनगरवाड्यावरचे १० दडून बसतात. ज्या वस्तीचा आकडा दोन महिने २० च्या खाली राहिला, तिथे पुढच्या महिन्यात गोळी वस्तीवर पोचवायची. कुणाच्या गाडीतून, कुठल्या वारी आणि कुणाच्या ओसरीवर वाटायची, हे त्याच बैठकीत लिहून घ्या.

वही पीएचसीत ठेवा, तिची फोटोप्रत आशाकडे. वैद्यकीय अधिकाऱ्यांची बदली झाली की नव्या अधिकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा आणि सोबत दोनच कागद न्या: वस्तीवार आकडे आणि पुढच्या तीन महिन्यांची गोळ्यांची मागणी.